स्वयंसेवकांनी चालवलेला ऑनलाइन ज्ञानकोश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे मुख्यतः विकिपीडियाला समोर ठेवून लिहिली आहेत, कारण स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या ज्ञानकोशांत तोच सर्वांत मोठा आहे. नियमांचा तपशील भाषेगणिक बदलतो, त्यामुळे एखादा नियम विशिष्ट आवृत्तीपुरता असेल तिथे तसे म्हटले आहे.

या ज्ञानकोशाला संपादक मंडळ आहे का?

नाही. छापील कोशात आधी तज्ज्ञ नेमले जातात, त्यांच्या नोंदी संपादक तपासतात आणि मगच मजकूर वाचकांपुढे येतो. इथे हा क्रम उलटा आहे : मजकूर आधी प्रसिद्ध होतो, तपासणी त्यानंतर सुरू होते आणि लेख अस्तित्वात असेपर्यंत ती चालू राहते. हा क्रम अपघाताने आलेला नाही. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली नुपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश सुरू केला, तेव्हा त्यात तज्ज्ञांकडून सात टप्प्यांची तपासणी ठेवली होती आणि त्या चाळणीतून पहिल्या वर्षात अगदी मोजके लेख बाहेर पडले. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये वाचकालाच पान बदलू देणारे विकी तंत्र प्रचारात आणले होते. ते वापरून नुपीडियासाठी कच्चा मजकूर मिळवावा, अशा माफक हेतूने १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि थोड्याच काळात जोडप्रकल्पाने मूळ प्रकल्पाला मागे टाकले. मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून आहे. आज तीनशेहून अधिक भाषांत आवृत्त्या चालतात आणि प्रत्येक भाषेतील संपादकांचा समुदाय आपापल्या आवृत्तीचा कारभार स्वतः पाहतो.

कोणीही बदल करू शकतो, तर मग सगळा गोंधळ का होत नाही?

गोंधळ होतो, पण तो निस्तरणे हे गोंधळ घालण्यापेक्षा सोपे करून ठेवलेले आहे. प्रत्येक लेखामागे त्याचा इतिहास जपलेला असतो. लेखाच्या वरच्या बाजूला ‘इतिहास’ अशी कळ असते. ती दाबल्यावर आजपर्यंतचा प्रत्येक बदल एकेका ओळीत दिसतो. त्या ओळीत बदलाची वेळ, करणाऱ्याचे सदस्यनाव, लेख किती बाइटनी (बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजण्याचे एकक) वाढला वा घटला याचा आकडा आणि संपादकाने दिलेला बदलाचा एका वाक्यातील सारांश असतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून त्यांतील फरक पाहता येतो आणि बिघडलेला लेख आधीच्या रूपात परत नेण्यास काही सेकंद पुरतात. कोणी अख्खा लेख पुसून शिव्या लिहिल्या, तरी मूळ मजकूर कुठेही गेलेला नसतो.

या सोयीच्या आधारे पहारा चालतो. ‘अलीकडील बदल’ या पानावर त्या भाषेतील ताजे बदल सतत उमटत असतात आणि काही स्वयंसेवक तेवढेच पाहत बसलेले असतात. ज्यांना विशिष्ट लेखांत रस आहे, ते असे लेख निरीक्षणसूचीत घालून ठेवतात, म्हणजे त्यांतील बदल त्यांना एकत्र दिसतात. शिवाय स्वयंचलित प्रोग्रॅम असतात, ज्यांना मराठी विकिपीडियावर सांगकाम्या म्हणतात. इंग्रजी आवृत्तीत क्लूबॉट एनजी नावाचा असा सांगकाम्या २०१० पासून ढोबळ उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, ओळखून आपोआप परतवतो.

ढोबळ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्याने चरित्रलेखातील १९४७ हे साल बदलून १९७४ केले. अंकांची फक्त अदलाबदल झाल्यामुळे इतिहासाच्या ओळीत बाइटचा फरक शून्य दिसतो, शिवी नसल्यामुळे सांगकाम्याला संशय येत नाही आणि सारांशात ‘शुद्धलेखन’ असे लिहिले असेल, तर घाईत पाहणारा माणूसही पुढे सरकतो. हा बदल पकडायला तो विषय माहीत असलेला किंवा निदान दिलेला संदर्भ उघडून पाहणारा कोणीतरी लागतो. म्हणून ज्या लेखावर बऱ्याच जणांची नजर असते, तो सहसा चांगला राहतो आणि आडबाजूच्या लेखातील चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. वाचकाने हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

चुकीची माहिती किती काळ टिकू शकते?

बहुतेक उघड उत्पात फार वेळ टिकत नाही. मात्र अपवाद गाजलेले आहेत. मे २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्यावरील इंग्रजी लेखात, केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय एकेकाळी घेतला गेला होता, असे धादांत खोटे विधान कोणीतरी गंमत म्हणून घातले आणि ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. त्या प्रकरणानंतर इंग्रजी आवृत्तीत खाते न उघडता नवा लेख तयार करण्याची मुभा काढून घेण्यात आली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळा, कडक नियम तयार झाला. अशा चरित्रातील वादग्रस्त विधानाला भक्कम संदर्भ नसेल, तर ते चर्चेची वाट न पाहता काढून टाकायचे असते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मन राजकारणी कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांची आर्थिक व्यवहार मंत्रिपदी नेमणूक होत असताना, त्यांच्या आधीच लांबलचक असलेल्या नावात कोणीतरी ‘विल्हेल्म’ हे जास्तीचे नाव घुसवले. वृत्तपत्रांनी ते नाव ज्ञानकोशातून जसेच्या तसे उचलले आणि मग त्याच बातम्या त्या नावाचा पुरावा म्हणून लेखात संदर्भ देण्यासाठी पुढे केल्या गेल्या. अशा गोल फिरणाऱ्या संदर्भापासून सावध राहायचे, तर आधी तारखा जुळवाव्यात : माहिती लेखात कधी आली हे इतिहासात सापडते आणि संदर्भ त्यानंतरचा असेल, तर तो पुराव्यादाखल धरू नये.

मला पक्की ठाऊक असलेली गोष्ट लिहिली, ती संदर्भ नाही म्हणून का काढली?

नवीन संपादकांची ही सर्वांत मोठी तक्रार असते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु वाचकाला आपण कोण आहोत हे कळत नाही आणि कळले तरी ते तपासता येत नाही. त्यामुळे एखादी गोष्ट खरी असणे एवढ्यावर काम भागत नाही. ती पडताळण्याजोगीही असावी लागते, म्हणजे लेखाबाहेरच्या एखाद्या विश्वासार्ह, प्रसिद्ध झालेल्या स्रोतात ती कोणालाही पाहता आली पाहिजे. याच नियमाचा जोडनियम असा, की ज्ञानकोशात स्वतःचे नवे संशोधन प्रसिद्ध करायचे नाही. दोन वेगवेगळ्या पुस्तकांतील विधाने एकत्र करून, त्या दोहोंपैकी एकानेही न काढलेला निष्कर्ष आपण काढणे, हेही संशोधनातच मोडते. या नियमामुळे तोंडी परंपरेतील आणि छापून न आलेले बरेच ज्ञान बाहेर राहते, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे आणि तिच्यावर समाधानकारक उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

संदर्भ ऑनलाइनच असला पाहिजे, असा मात्र नियम नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशन, वर्ष आणि पृष्ठक्रमांक दिला, तर ग्रंथालयातील जुने पुस्तकही चालते. किंबहुना अनेक विषयांत तेच अधिक चांगले. ब्लॉग, समाजमाध्यमांवरील लेखन, स्वतःच छापून घेतलेल्या पुस्तिका आणि जाहिरातवजा बातम्या यांना सामान्यतः संदर्भ म्हणून किंमत नसते.

तटस्थता म्हणजे प्रत्येक बाजूला सारखी जागा द्यायची का?

नाही. विश्वासार्ह स्रोतांमध्ये ज्या मताला जितके वजन आहे, तितकेच वजन त्याला लेखात मिळावे, असा तो नियम आहे. पृथ्वी सपाट असल्याचा दावा भूगोलाच्या लेखात निम्मी जागा मागू शकत नाही. रोजच्या कामात तटस्थतेचा प्रश्न बहुधा विशेषणांपाशी येतो. ‘ते एक महान आणि दूरदर्शी प्रशासक होते’ हे वाक्य ज्ञानकोशाच्या तोंडी शोभत नाही. त्यांनी कोणत्या वर्षी कोणता निर्णय घेतला, त्याचा काय परिणाम झाला आणि कोणत्या इतिहासकाराने त्याचे कसे मूल्यमापन केले, हे संदर्भासह लिहिले की विशेषणाची गरज उरत नाही. ‘असे म्हटले जाते’, ‘अनेकांच्या मते’ असे शब्दही टाळावेत, कारण कोण म्हणते हेच त्यांत गुलदस्त्यात राहते. भाषेतील आदरार्थी बहुवचनावर लेखांना जोडलेल्या चर्चापानांवर पुष्कळ खल होतो, पण आदरार्थी क्रियापद आणि स्तुती या वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणत्या विषयावर लेख होऊ शकतो?

स्वतंत्र आणि विश्वासार्ह स्रोतांनी ज्या विषयाची पुरेशी दखल घेतली आहे, त्यावर. यालाच उल्लेखनीयता म्हणतात. स्वतंत्र म्हणजे त्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी हितसंबंध नसलेले; संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ किंवा तिने काढलेले प्रसिद्धिपत्रक यात बसत नाही. अनुल्लेखनीय वाटणारा लेख वगळण्यासाठी सुचवला जातो आणि त्यावर चर्चा होते. इंग्रजी आवृत्तीत अशी चर्चा साधारण सात दिवस खुली असते. धडधडीत जाहिरात, प्रताधिकाराचा भंग किंवा निव्वळ निरर्थक मजकूर असेल, तर मात्र पान चर्चेविना लगेच वगळले जाते.

हा निकष बाहेरच्या जगाने कोणाची दखल घेतली यावर अवलंबून असल्यामुळे, बाहेरचे पूर्वग्रह ज्ञानकोशातही उतरतात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलँड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी आवृत्तीत पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांच्या नावाचा लेखच नव्हता. मसुदा तपासणाऱ्याने नियम पाळला होता, पण त्या मसुद्यात नसलेले संदर्भ शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. स्त्रियांच्या चरित्रांची संख्या वाढवण्यासाठी ‘विमेन इन रेड’ हा स्वयंसेवी उपक्रम २०१५ पासून चालतो, तरीही इंग्रजी आवृत्तीतील चरित्रांत स्त्रियांचे प्रमाण अजून पाचव्या हिश्शाच्या आसपासच आहे.

वाद झाला तर निर्णय कोण देतो? मतदान होते का?

मजकुराच्या बाबतीत निकाल देणारा अधिकारी नाही. प्रत्येक लेखाला जोडलेले चर्चापान असते आणि वाद तिथे मांडायचा असतो. अपेक्षित क्रम असा : एकाने बदल केला, दुसऱ्याने तो परतवला, की तिसरा बदल न करता दोघांनी चर्चापानावर यावे. तसे न करता एकमेकांचे बदल परतवत राहणे याला संपादनयुद्ध म्हणतात. इंग्रजी आवृत्तीत चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल परतवणाऱ्यावर, त्याचे म्हणणे बरोबर असले तरी, बंदी येऊ शकते. आपण बरोबर आहोत म्हणून नियम आपल्याला लागू नाही, असे प्रत्येकालाच वाटते, म्हणून ही तरतूद अशी कठोर ठेवलेली आहे.

चर्चेतून सहमती शोधायची असते. कौल घेतले जातात, परंतु हातांची मोजणी हा त्यांचा उद्देश नसतो; चर्चेचा समारोप करणाऱ्याने युक्तिवाद नियमांना धरून आहे का आणि त्याला संदर्भांचा आधार आहे का, हे पाहायचे असते. वीस जणांनी नुसते ‘पाठिंबा’ असे लिहिले आणि एकाने तीन भक्कम संदर्भ पुढे ठेवले, तर त्या एकाचे पारडे जड होऊ शकते. प्रत्यक्षात नेहमी तसेच घडते असे नाही. चिकाटीने, दिवसेंदिवस लिहीत राहणारा माणूस कधीकधी केवळ समोरच्याला दमवून आपले म्हणणे टिकवतो आणि हा दोष नियमांनी पुरता जात नाही. दोघांत मिटत नसेल, तर तिसऱ्या संपादकाचे मत मागता येते किंवा विषय समुदायाच्या सामाईक पानावर नेता येतो, ज्याला मराठी आवृत्तीत चावडी म्हणतात.

प्रचालक म्हणजे काय आणि त्यांना कोणते अधिकार असतात?

प्रचालक हे समुदायाने निवडलेले स्वयंसेवकच असतात. त्यांना पान वगळणे, वगळलेले पान परत आणणे, पान सुरक्षित करणे आणि एखाद्या खात्याला संपादनापासून रोखणे अशा काही जादा कळा मिळतात. या कळांमुळे लेखातील मजकुराबाबत त्यांचा शब्द अंतिम होत नाही, आणि ज्या वादात आपण स्वतः पक्षकार आहोत तिथे या कळा वापरू नयेत, असा संकेत आहे. पान सुरक्षित करण्याचे प्रकार आहेत. इंग्रजी आवृत्तीत अर्धसुरक्षित पानावर किमान चार दिवस जुने आणि दहा संपादने झालेले खाते लागते. अत्यंत वादग्रस्त विषयांवरील पानांसाठी तीस दिवस आणि पाचशे संपादनांची अट असते.

एकाच व्यक्तीने अनेक खाती काढून आपल्यालाच पाठिंबा देण्याचा प्रकार तपासण्याचा अधिकार याहून मर्यादित आहे. तो चेकयूझर म्हणवल्या जाणाऱ्या मोजक्या विश्वासू सदस्यांनाच असतो, कारण त्यात अंकपत्त्यासारखी (आयपी अॅड्रेससारखी) खासगी माहिती दिसते.

प्रचालकच चुकीचे वागले तर?

त्यांच्या कृतीही इतिहासात आणि नोंदींमध्ये सर्वांना दिसतात, त्यांच्याविरुद्ध दाद मागता येते आणि त्यांचे अधिकार काढूनही घेता येतात. इंग्रजी आवृत्तीत २००४ पासून लवाद समिती आहे. तिचे सदस्य संपादकांच्या वार्षिक निवडणुकीतून येतात आणि ती सदस्यांच्या वर्तनाविषयीचे शेवटचे वाद ऐकते. कोणता मजकूर खरा, हे ती ठरवत नाही. सर्व भाषांसाठी मिळून स्टुअर्ड नावाचे निवडलेले स्वयंसेवक असतात. जिथे पुरेसे स्थानिक अधिकारी नाहीत, तिथे अधिकार देणे वा काढणे अशी कामे ते करतात.

लहान आवृत्त्यांत मात्र ही सगळी यंत्रणा कागदावरच राहू शकते. क्रोएशियन विकिपीडियावर सुमारे दशकभर प्रचालकांच्या एका गटाची पकड होती. विरोध करणाऱ्या संपादकांना रोखले जात होते आणि दुसऱ्या महायुद्धाविषयीच्या लेखांत अतिउजव्या विचारांना अनुकूल असा विपर्यास झाला होता. गटातील प्रमुख सदस्यांना २०२० च्या सुमारास दूर केले गेले आणि विकिपीडियाचे सर्व्हर व निधी सांभाळणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये त्या प्रकरणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. संपादक थोडे असले, की तिघाचौघांची सहमती हीच समुदायाची सहमती ठरते, हे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

विकिमीडिया फाउंडेशनचा अधिकार कुठपर्यंत आहे आणि पैसा कुठून येतो?

फाउंडेशन ही २००३ साली स्थापन झालेली, अमेरिकेत नोंदलेली ना-नफा संस्था आहे. सर्व्हर, मीडियाविकी हे सॉफ्टवेअर, कायदेशीर बाबी आणि निधी या गोष्टी ती सांभाळते. लेख लिहिणे वा दुरुस्त करणे हे तिचे काम नाही. खर्च मुख्यतः वाचकांच्या देणग्यांतून भागतो. मोठ्या प्रमाणावर मजकूर घेणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ पासून एक सशुल्क सेवाही आहे. जाहिराती घेतल्या जात नाहीत. जाहिराती येतील या नुसत्या शक्यतेवरून २००२ मध्ये स्पॅनिश आवृत्तीतील अनेक संपादक बाहेर पडले आणि त्यांनी मजकुराची प्रत घेऊन वेगळा कोश उभारला. मजकूर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे हा मार्ग कायद्याने कायम खुला आहे.

समुदाय आणि फाउंडेशन यांच्यात खटके उडतात. २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्रजी आवृत्तीतील एका प्रचालकावर परस्पर एका वर्षाची बंदी घातली, तेव्हा निषेध म्हणून अनेक प्रचालकांनी अधिकार सोडले आणि अखेर प्रकरण लवाद समितीकडे जाऊन बंदी उठली. पुढे सर्व प्रकल्पांसाठी एक सामाईक आचारसंहिता तयार झाली. उलट चिनी आवृत्तीत २०२१ मध्ये फाउंडेशनने सात सदस्यांवर बंदी घातली आणि बारा जणांचे विशेष अधिकार काढले, तेव्हा संपादकांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे होते. फाउंडेशनने हस्तक्षेप करावा की नाही याला एकच उत्तर नाही. जिथे स्थानिक यंत्रणा जिवंत आहे तिथे तो अनावश्यक ठरतो आणि जिथे ती मोडली आहे तिथे तो बहुधा उशिरा येतो.

स्वतःविषयी किंवा आपल्या संस्थेविषयी लेख लिहावा का?

लिहू नये. सक्त मनाई नाही, पण हितसंबंध असताना तटस्थ राहणे जवळपास अशक्य असते आणि इतर संपादक असा लेख ओळखतातच. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने मालक किंवा ग्राहक कोण हे उघड करणे २०१४ पासून वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. २०१५ मध्ये इंग्रजी आवृत्तीत अशा छुप्या कामासाठी वापरलेली ३८१ खाती एकाच वेळी बंद करण्यात आली. नाकारल्या गेलेल्या मसुद्यांचे विषय हेरून, लेख प्रसिद्ध करून देण्यासाठी आणि तो ‘सांभाळण्यासाठी’ संबंधितांकडून पैसे मागितले जात होते. कोणी हमखास लेख करून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत. अशी हमी कोणालाच देता येत नाही.

माझ्याविषयीच्या लेखात चूक आहे. काय करावे?

उघड बदनामी किंवा खोडसाळपणा असेल, तर तो कोणीही, अगदी स्वतः संबंधित व्यक्तीनेही, काढून टाकावा आणि सारांशात कारण लिहावे. बाकी चुकांसाठी चर्चापानावर चूक नेमकी दाखवावी, योग्य माहिती लिहावी आणि संदर्भाचा दुवा द्यावा. उत्तर मिळाले नाही, तर प्रतिसाद देणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेलने कळवता येते. पत्ता ‘संपर्क’ या पानावर असतो. ‘मी स्वतः सांगतो आहे’ एवढ्यावर मात्र बदल होईलच असे नाही. अशा वेळी योग्य माहिती एखाद्या मुलाखतीत किंवा आपल्या अधिकृत संकेतस्थळावर आधी प्रसिद्ध करणे, हा सोपा उपाय असतो.

पहिले संपादन कोठून सुरू करावे?

नवा लेख लिहून सुरुवात करणारे बहुधा निराश होतात. ज्या विषयाचे आपण वाचन केले आहे, अशा एखाद्या लेखात एक संदर्भ जोडावा, शुद्धलेखन सुधारावे, जुना झालेला आकडा बदलावा. सरावासाठी धूळपाटी असते. तिथे काहीही लिहून पाहता येते. बदल जतन करण्यापूर्वी झलक पाहावी, सारांशाची चौकट रिकामी सोडू नये आणि चर्चापानावर लिहिल्यास शेवटी स्वाक्षरी करावी. खाते उघडणे सक्तीचे नाही, पण सोयीचे आहे.

आपला बदल कोणी परतवला, तर रागावण्याआधी त्याचा सारांश वाचावा. अनेकदा कारण एवढेच असते, की संदर्भ राहून गेला.

दुसऱ्या भाषेतील लेख यांत्रिक भाषांतराने आणावा का? कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घ्यावा का?

भाषांतर करण्यास परवानगी आहे, फक्त मूळ लेखाचा उल्लेख सारांशात करावा लागतो. यांत्रिक भाषांतर तसेच्या तसे चिकटवणे मात्र टाळावे. त्यातील वाक्ये वाचताना ठेच लागते आणि मूळ लेखातील संदर्भ आपण उघडून पाहिलेले नसतात. भाषा नीट न येता लिहिल्याचा परिणाम स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या आवृत्तीत दिसला : २०२० मध्ये उघडकीस आले, की ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकी किशोरवयीन मुलाने कित्येक वर्षे इंग्रजी वाक्यांत स्कॉट्स वाटतील असे शब्द घालून हजारो लेख लिहिले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि त्याला वेळीच थांबवेल असे कोणी तिथे नव्हते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुरात अस्तित्वातच नसलेली पुस्तके संदर्भ म्हणून येतात. असा मजकूर माणसाने तपासलेला नाही याची स्पष्ट चिन्हे असतील, तर पान चर्चेविना वगळण्याची तरतूद इंग्रजी आवृत्तीने ऑगस्ट २०२५ मध्ये केली. वाचायला गुळगुळीत पण आत पोकळ असा लेख तपासणाऱ्याचा वेळ सर्वाधिक खातो, म्हणून लहान समुदायांनी याबाबत अधिक कडक असणे योग्य ठरेल.

लेखांची संख्या जास्त म्हणजे आवृत्ती चांगली का?

तसे समजू नये. इंग्रजी आवृत्तीत सत्तर लाखांहून अधिक लेख आहेत, पण लेखसंख्येत तिच्याखालोखाल असलेल्या आवृत्त्यांपैकी एक फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेची आहे आणि तिथले बहुसंख्य लेख एका सांगकाम्याने जीवजाती आणि भौगोलिक स्थळांच्या माहितीसाठ्यांवरून तयार केलेले आहेत. बाइटमध्ये मोजलेला आकारही फसवतो : देवनागरीतील एकेक चिन्ह संगणकात तीन बाइट घेते आणि रोमन अक्षर एकच, त्यामुळे मराठी लेख आकड्यात भरघोस दिसला तरी मजकूर त्या मानाने थोडा असतो.

अभ्यासासाठी किंवा लेखनासाठी याचा आधार घ्यावा का?

सुरुवात करण्यासाठी जरूर घ्यावा. उद्धृत करण्यासाठी लेखाखालील मूळ संदर्भांकडे जावे. ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने २००५ मध्ये ४२ विज्ञानविषयक लेखांची तज्ज्ञांकडून तुलना करून घेतली, तेव्हा विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने त्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. ही पाहणी जुनी, इंग्रजीपुरती आणि विज्ञानापुरती आहे. तिच्यावरून इतर भाषांविषयी किंवा राजकारण आणि चरित्रे यांविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

लेख पारखताना चर्चापान आणि इतिहास उघडावा, महत्त्वाच्या दोन-तीन विधानांचे संदर्भ प्रत्यक्ष पाहावेत आणि वर लावलेल्या सूचना वाचाव्यात. लेखाचाच उल्लेख करणे भाग असेल, तर ज्या आवृत्तीचे वाचन केले तिचा कायमस्वरूपी दुवा द्यावा, कारण उद्या त्या पत्त्यावर वेगळा मजकूर असू शकतो.

इथला मजकूर आणि चित्रे मला वापरता येतील का?

मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश–समवितरण परवान्याखाली आहे. व्यावसायिक कामासाठीही तो वापरता येतो, मात्र श्रेय आणि परवान्याचा उल्लेख द्यावा लागतो, बदल केले असल्यास तसे सांगावे लागते आणि बदललेली कृती त्याच परवान्याखाली प्रसिद्ध करावी लागते. चित्रांचे परवाने वेगवेगळे असतात. चित्रावर टिचकी मारून त्याचे पान पाहावे. याची उलट बाजू अशी, की वृत्तपत्रे, पुस्तके किंवा इतर संकेतस्थळे यांतील मजकूर उचलून इथे आणता येत नाही, मग तो कितीही उपयुक्त असला तरी.

मी लिहिलेला मजकूर पुढे काढून घेता येतो का?

नाही. जतन करतानाच आपण तो त्या परवान्याखाली दिलेला असतो आणि तो परवाना मागे घेता येत नाही. खाते पुसून टाकण्याचीही सोय नाही, कारण प्रत्येक बदलाचे श्रेय कोणत्या ना कोणत्या नावाशी जोडलेले राहणे परवान्यासाठी आवश्यक असते. फार तर सदस्यनाव बदलून मिळते. खासगी माहिती चुकून जतन झाली असेल, तर ती इतिहासातूनही लपवता येते आणि त्यासाठी चर्चापानावर न लिहिता थेट ईमेल करावा, कारण चर्चापानावरची विनंतीही सर्वांना दिसते.